शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात चंद्राचा खरा तुकडा कसा आणायचा

चांद्रयान-३ उतरल्यापासून आपल्याकडच्या तालुका विज्ञान प्रदर्शनात थर्माकोलचा विक्रम लँडर असतोच असतो, आणि त्याच्यासमोर उभं राहून पोरं हमखास विचारतात की सर, चंद्रावरचा दगड खरंच कसा असतो, बघायला मिळेल का. मग कोणीतरी शिक्षक मोबाईलवर शोधतो, त्याला दिसतं की नासा शाळांना चंद्राचे दगड उसने देते, आणि तिथून फोनाफोनी सुरू होते, कोणाचा भाचा अमेरिकेत आहे, कोणाची पुतणी ह्यूस्टनला आहे, आणता येईल का. म्हणून हे सगळं एकदा नीट लिहून ठेवतोय, जळगाव, धुळे, नंदुरबारच्या शाळा डोळ्यासमोर ठेवून. अपोलोचा दगड आपल्या शाळेत येणार नाही, पण चंद्राचा खरा तुकडा येऊ शकतो. तो कुठून मागायचा, कसा मागायचा आणि सांभाळायचा कसा, हे मात्र आधी ठरवावं लागतं.

आधी नासाचं बघू. १९६९ ते १९७२ मध्ये अपोलोच्या सहा मोहिमा चंद्रावर उतरल्या आणि सगळ्या मिळून ३८२ किलो दगड-माती घेऊन आल्या. तो साठा मुख्यतः ह्यूस्टनच्या जॉन्सन स्पेस सेंटरमध्ये कोरड्या नायट्रोजनच्या बंद पेट्यांत ठेवलाय, आणि थोडा भाग मुद्दाम न्यू मेक्सिकोत वेगळा ठेवलाय, म्हणजे एका जागी काही आपत्ती आली तरी सगळं जायला नको. शाळांना देतात तो मोकळा दगड नसतो. साधारण १५ सेंटीमीटरची पारदर्शक अॅक्रिलिकची चकती असते आणि तिच्यात सहा बारीक नमुने कायमचे बंद केलेले असतात, तीन दगडाचे, तीन मातीचे. काळा बसाल्ट, आघातांनी फुटून परत घट्ट झालेला ब्रेशिया, उंच भागातला फिकट अॅनॉर्थोसाइट, मग सखल भागातली माती, उंच भागातली माती, आणि सहावी ती नारिंगी माती, जी अपोलो १७ च्या वेळी हॅरिसन श्मिट या भूशास्त्रज्ञाला शॉर्टी विवराच्या काठावर दिसली. ती ज्वालामुखीच्या फवाऱ्यातून उडालेल्या काचेच्या सूक्ष्म मण्यांची आहे. पोरांना ही गोष्ट फार आवडते, तेव्हा तिचा फोटो स्टॉलवर मोठा लावा.

ही चकती हवी तर शिक्षकाला आधी नासाचं प्रशिक्षण घेऊन प्रमाणपत्र मिळवावं लागतं, मग ठरलेल्या थोड्या दिवसांसाठी ती मिळते, ती एक मिनिटही एकटी सोडायची नाही, वापर झाला की कुलपात. आणि ही योजना अमेरिकेतल्या शाळा, संग्रहालयं, वाचनालयांसाठी आहे. ब्रिटनमध्येही एसटीएफसी नावाची सरकारी संस्था असे नमुने शाळांना देते, ती पण तिथल्या शाळांनाच. त्यामुळे भाच्याला किंवा पुतणीला सांगून उपयोग नाही, ज्याच्या सहीवर चकती मिळते तोच तिला जबाबदार असतो आणि ती परस्पर देशाबाहेर नेली तर त्या माणसाची नोकरी, इज्जत सगळं पणाला लागेल. नातेवाइकांना त्या अडचणीत टाकूच नका.

अपोलोचे नमुने ही अमेरिकन सरकारची मालमत्ता आहे, ते विकले जात नाहीत, म्हणून इंटरनेटवर कोणी अपोलो ११ ची माती विकत देतो म्हणालं तर तिथेच थांबायचं. २००२ मध्ये ह्यूस्टनला काम शिकायला आलेल्या तरुणांनी चंद्राच्या नमुन्यांची आख्खी तिजोरीच पळवली होती, नमुने विकायच्या प्रयत्नात ते पकडले गेले आणि शिक्षा झाली. पण त्या नमुन्यांचं शास्त्रीय मोल त्यात बरंच गेलं, कारण कुठला नमुना कसा हाताळला गेला याची साखळीच तुटली. हे मोठ्या वर्गातल्या मुलांना जरूर सांगा, नमुन्याची किंमत त्याच्या नोंदीत पण असते.

मग आपल्याला काय मिळू शकतं? चांद्र उल्कापाषाण. चंद्रावर मोठा आघात झाला की तिथले काही तुकडे इतक्या वेगाने उडतात की चंद्राच्या गुरुत्वाकर्षणातून सुटतात, अवकाशात फिरत राहतात आणि त्यातले काही पृथ्वीवर येऊन पडतात. चंद्राचा म्हणून ओळखला गेलेला पहिला दगड १९८२ मध्ये अंटार्क्टिकात मिळाला आणि अपोलोच्या दगडांशी ताडून बघितल्यावर तो चंद्राचाच आहे हे पक्कं झालं. त्यानंतर सहारा आणि ओमानच्या वाळवंटात शेकडो तुकडे सापडलेत. हे दगड कोणा सरकारच्या मोहिमेने आणलेले नाहीत, त्यामुळे ते संग्राहकांकडे असतात, त्यांचे पातळ काप विकले जातात, उसने पण दिले जातात. माझ्या मते शाळेसाठी हाच सगळ्यात चांगला रस्ता आहे. तुकडा हरभऱ्याएवढा असला तरी तो चंद्राचा आहे, आणि मुलाच्या दृष्टीने बाकी काही महत्त्वाचं नसतं.

असे तुकडे खान्देशात शोधत बसू नका, पुणे, मुंबई, नाशिककडे विचारा. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था आहे, मुंबईचं खगोल मंडळ आहे, हौशी आकाशनिरीक्षकांचे गट तर सगळीकडे आहेत. या मंडळींकडे स्वतःकडे तुकडा असेलच असं नाही, पण उल्का गोळा करणारा माणूस कोण आहे हे त्यांनाच माहीत असतं. दुसरा दरवाजा विद्यापीठाचा. जळगावच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठात पर्यावरण व भूविज्ञान प्रशाळा आहे, आणि भूशास्त्र शिकवणारी कॉलेजं आहेत, तिथे दगडाच्या नमुन्यांची कपाटं भरलेली असतात. चंद्राचा दगड तिथे असो नसो, चंद्राच्या उंच भागासारखा अॅनॉर्थोसाइट शिकवायच्या नमुन्यांत बहुतेक असतो आणि तो शाळेला आठवडाभर द्यायला प्राध्यापक सहसा नाही म्हणत नाहीत, नीट मागितलं तर. तिसरा दरवाजा अहमदाबादची भौतिकी संशोधन प्रयोगशाळा, पीआरएल. आपल्या शास्त्रज्ञांनी अपोलोच्या खऱ्या नमुन्यांवर जे काम केलं त्यात या संस्थेचा मोठा वाटा आहे, चांद्रयान-३ च्या प्रज्ञान रोव्हरवरचं मूलद्रव्यं मोजणारं एपीएक्सएस हे उपकरण पण तिथलंच. त्यांच्याकडे नमुना मागायला जाऊ नका, शास्त्रज्ञांचं ऑनलाइन व्याख्यान मागा, प्रदर्शनाच्या दिवशी अर्धा तास. नवजीवन एक्सप्रेस जळगाव-नंदुरबारवरूनच अहमदाबादला जाते, त्यामुळे मोठ्या वर्गाच्या सहलीसाठी परवानगीचं पत्र टाकायलाही हरकत नाही.

परदेशातल्या संग्राहकाकडून उसना मागवायच्या भानगडीत पडू नका. कस्टम, कागद, परत पाठवताना पुन्हा कागद, आणि मधे पाकीट अडकलं तर प्रदर्शन होऊन जातं तरी दगड विमानतळावरच. देशातल्या देशात मागा.

आता खरं-खोटं. चंद्राचा म्हणून फर्नेसमधला स्लॅग, म्हणजे भट्टीतला गोठलेला मळ, विकणारे, नदीतला काळा गोटा विकणारे भरपूर आहेत. लोहचुंबकाला चिकटला म्हणजे चंद्राचा, असं कोणी सांगितलं तर ते उलट आहे, चंद्राच्या दगडात धातूरूप लोखंड अगदी कमी असतं, त्यामुळे तो चुंबकाला फारसा ओढला जात नाही. घरी करायच्या टेस्टवर विसंबून राहायचंच नाही. प्रत्येक मान्यताप्राप्त उल्कापाषाणाला नाव असतं, वायव्य आफ्रिकेत सापडलेल्यांना एनडब्ल्यूए आणि पुढे क्रमांक. तो क्रमांक मालकाला विचारा आणि मेटिऑरिटिकल बुलेटिनच्या, म्हणजे जगभरच्या उल्कापाषाणांची नोंद ठेवणाऱ्या, डेटाबेसमध्ये टाकून बघा, तो सगळ्यांना फुकट उघडा आहे. तिथे तो चांद्र म्हणून नोंदलेला आहे का, एकूण वजन किती सापडलं, वर्णन काय आहे, सगळं दिसतं. मग मालकाने तो कोणाकडून घेतला त्याची पावती किंवा प्रमाणपत्र बघा. हे विचारायला संकोच करू नका, खरा संग्राहक यावर खूश होतो. अॅमस्टरडॅमच्या राईक्सम्युझियमसारख्या नावाजलेल्या संग्रहालयात चंद्राचा म्हणून जपलेला दगड २००९ मध्ये तपासला तर तो अश्मीभूत लाकूड निघाला, तेव्हा क्रमांक नसेल तर स्टॉलवर चंद्राचा दगड असं लिहायचंच नाही.

पत्र कसं लिहायचं हा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण नकार बहुतेक वेळा तिथेच मिळतो. व्हॉट्सअॅपवर "सर आम्हाला चंद्राचा दगड पाहिजे प्रदर्शनासाठी" एवढंच लिहिलं तर कोण देईल. मालकाच्या मनात चारच प्रश्न असतात, कोण नेणार, कुठे ठेवणार, कोण हात लावणार, परत कधी येणार. त्या चारांची उत्तरं त्याने विचारायच्या आधी पत्रात पाहिजेत. शाळेच्या लेटरहेडवर, जावक क्रमांकासह, मुख्याध्यापकांची सही-शिक्का. मजकूर साधारण असा ठेवा:

"महोदय, आमच्या शाळेत इयत्ता पाचवी ते दहावीचे विद्यार्थी शिकतात. तालुका विज्ञान प्रदर्शनात चंद्र आणि खान्देशातील खडक यांची तुलना दाखवणारा माहिती स्टॉल आम्ही मांडत आहोत. त्यासाठी आपल्या संग्रहातील चांद्र उल्कापाषाणाचा लहान तुकडा प्रदर्शनाच्या काळापुरता उसना मिळावा ही विनंती. नमुना आमचे विज्ञान शिक्षक स्वतः येऊन घेतील आणि स्वतः परत आणून देतील, कुरिअरने पाठवणार नाही. प्रदर्शनाच्या वेळी नमुना कुलूपबंद पारदर्शक पेटीत राहील, शेजारी सतत एक शिक्षक असतील, रात्री तो लॉकरमध्ये ठेवला जाईल. पेटी उघडली जाणार नाही आणि नमुन्याला कोणीही हात लावणार नाही. नमुन्याची किंमत आपण लिहून द्याल त्याप्रमाणे नुकसानीची जबाबदारी शाळा घेईल, तसा शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव सोबत जोडला आहे."

हा ठराव खरंच घ्या, नुसता पत्रात लिहू नका. समितीत चार लोक प्रश्न विचारतील, इतक्या महागाची वस्तू कशाला आणायची म्हणतील, त्यांना समजावून सांगा, कारण पुढे काही झालंच तर एकट्या शिक्षकावर येऊ नये. आणि किंमत आधी कागदावर येऊ द्या. मोठा तुकडा असेल तर विम्याचं विचारा, छोट्याला हमीपत्र पुरतं. मुलांच्या सह्या कुठेही घेऊ नका.

अजून एक, गटशिक्षणाधिकाऱ्यांना किंवा प्रदर्शनाच्या आयोजकांना आधीच सांगा की हा स्टॉल स्पर्धेसाठी नाही, फक्त माहितीसाठी आहे. उसन्या दगडाच्या जोरावर बक्षीस घेणं हे, ज्या पोराने महिनाभर खपून स्वतःच्या हाताने ठिबकचं मॉडेल बनवलंय, त्याच्यावर अन्याय आहे. स्पर्धेबाहेरचा स्टॉल म्हटलं की जागा पण चांगली मिळते, दाराजवळ नाही तर मध्यभागी, ती मध्यभागाचीच घ्या, दाराजवळ धूळ येते आणि गर्दीचा रेटा बसतो.

घ्यायला दोघं जा. मालकासमोरच फोटो काढा, सगळ्या बाजूंनी, शेजारी पट्टी ठेवून. वजन दोन्ही बाजूंच्या समोर झालं पाहिजे, आणि इथे जळगावकरांची सोय आहे, सराफाकडचा काटा मिलिग्रॅमपर्यंत दाखवतो, त्यामुळे घरी आल्यावर ओळखीच्या सराफाकडे पुन्हा वजन करून चिठ्ठी घ्या, परत द्यायच्या आधी त्याच काट्यावर परत करा. तुकड्याला आधीच कुठे चीर असेल, कोपरा उडालेला असेल तर ते पोचपावतीत लिहून घ्या. प्रवासात डबी खिशात नको, बॅगेत पण वरच्या कप्प्यात नको, छोट्या कडक डबीत फोम, ती डबी मोठ्या डब्यात, आणि डबा मांडीवर. एसटी असो नाही तर रेल्वे, मांडीवर.

रात्री कुठे ठेवायचा हे गावात गेल्यावर ठरवू नका. शाळेचं कपाट चालणार नाही, त्याची किल्ली चार जणांकडे असते. बँकेचा किंवा पतसंस्थेचा लॉकर बघा, पण प्रदर्शन शनिवार-रविवारी असेल तर त्या दिवशी लॉकर उघडेल का ते आधी विचारा. नाही उघडणार असं कळलं तर मुख्याध्यापकांच्या घरची तिजोरी, आणि तसं मालकाला आधी कळवून.

पेटी साधी असू द्या पण पक्की. अॅक्रिलिकची पेटी नंबर प्लेट आणि बोर्ड बनवणाऱ्या दुकानात मापाने करून मिळते, ५ मिलिमीटर जाडीचं सांगा, खालून प्लायच्या तळाला स्क्रूने आवळायची आणि तळ टेबलाला. आत काळं मखमल नको, त्याचे धागे दगडाला चिकटतात, पांढऱ्या फोमचा तुकडा बरा. सिलिका जेलच्या दोन पुड्या कोपऱ्यात. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे हवा कोरडीच असते तरी पुड्या ठेवा, वाळवंटातून आलेल्या दगडात थोडं धातूरूप लोखंड असतं ते गंजतं, आणि घामाचा हात लागला की जास्तच. म्हणून डबीतून पेटीत ठेवताना पण हातमोजे नाही तर प्लास्टिकचा चिमटा. प्रकाशाला छोटा एलईडी तिरका लावा, समोरून लावला तर अॅक्रिलिकवर चमक येते आणि काही दिसत नाही, तिरका लावला की दगडातले पांढरे तुकडे आणि काळा भाग वेगवेगळा उठून दिसतो. लाईट जाणार हे धरूनच चालायचं, बॅटरीवरचाच एलईडी घ्या.

तुकडा लहान असतो त्यामुळे नुसता पेटीत ठेवला तर मुलं दोन सेकंद बघून पुढे जातात. यूएसबी मायक्रोस्कोप जुन्या लॅपटॉपला किंवा स्मार्ट टीव्हीला जोडा, तो पेटीच्या आत स्टँडवर कायम रोखून ठेवायचा. मोठ्या पडद्यावर तो तुकडा दिसला की गर्दी हटत नाही. मायक्रोस्कोप नसेल तर भिंग पेटीच्या वरच्या बाजूला चिकटवून टाका, हातात दिलं की भिंग पडतं आणि पेटीवरच पडतं.

पातळ काप मिळाला तर तोही मागा. दगड घासून घासून ०.०३ मिलिमीटर जाडीचा केला की त्यातून प्रकाश आरपार जातो, आणि दोन पोलरायझर शीटच्या (प्रकाश गाळणाऱ्या पारदर्शक फिल्मच्या) मधे तो धरून फिरवला की खनिजं निळी, पिवळी, जांभळी रंग बदलतात. पोलरायझर बिघडलेल्या कॅल्क्युलेटरच्या डिस्प्लेवरून पण काढता येतो. चंद्राच्या दगडाचा काप नाही मिळाला तर आपल्या बसाल्टचा ठेवा आणि शेजारी अपोलोच्या कापाचा फोटो. बघणाऱ्याला दोघांत प्लॅजिओक्लेज या खनिजाच्या तशाच लांबट पट्ट्या दिसतात, आणि इतक्या लांबच्या दोन जागी लाव्हा थंड होताना एकाच रीतीने गोठला हे डोळ्यांनी कळतं.

आता ज्या भागासाठी मी हे सगळं लिहितोय तो. चंद्राचा तुकडा एकटा ठेवू नका, त्याच्या शेजारी खान्देशचा दगड ठेवा. आपण ज्या बसाल्टवर राहतो तो साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा आहे, अपोलोने आणलेला चंद्राच्या काळ्या मैदानांतला बसाल्ट ३१० ते ३९० कोटी वर्षांपूर्वीचा. धुळे-नंदुरबारकडे शेतांतून काळ्या भिंतीसारख्या लांबच लांब ओळी जाताना दिसतात ना, त्या डाइक म्हणजे जमिनीच्या भेगांत शिरून गोठलेला लाव्हा आहे, जगभरचे भूशास्त्रज्ञ त्या बघायला येतात आणि आपल्या पोरांनी त्यावर बकऱ्या चारलेल्या असतात. त्यातला खडीएवढा तुकडा आणायला मुलांनाच सांगा, गावाचं नाव लिहून. अशी दहा गावांची दहा खडी एका ओळीत मांडली आणि टोकाला चंद्राचा तुकडा, की प्रत्येक पोरगं आधी आपल्या गावचा दगड शोधतं आणि मग चंद्राकडे बघतं.

फरक दाखवायला जळगावची गारगोटी ठेवा. खदानीत बसाल्टच्या पोकळ्यांत पांढऱ्या, हिरवट, पिसांसारख्या स्फटिकांचे गुच्छ निघतात, स्टिल्बाइट हे झिओलाइट गटातलं खनिज आणि त्याच्या जोडीने सापडणारं अॅपोफिलाइट, आणि जगातल्या कितीतरी संग्रहालयांत त्यांच्याखाली जळगाव असं लिहिलेलं आहे. मोठी बघायची तर सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात. ही खनिजं बनायला पाणी लागतं, पाणी त्यांच्या स्फटिकातच अडकलेलं असतं. स्टिल्बाइटचे चार कण दिवसभर उन्हात वाळवून, जाड काचेच्या परीक्षानळीत घालून स्पिरिटच्या दिव्यावर धरले की नळीच्या थंड तोंडाशी पाण्याचे थेंब जमतात. नळीचं तोंड किंचित खाली झुकवायचं, डोळ्यांना चष्मा, आणि हे शिक्षकानेच करायचं, विद्यार्थ्याने नाही, कारण कण फुलून उडू शकतात. आपल्या खदानीतल्या गारगोटीतून पाणी निघालं, आणि चंद्राच्या बसाल्टात अशी पाण्याची खनिजं नाहीतच. चांद्रयान-१ ने २००८-०९ मध्ये चंद्राच्या पृष्ठभागावर पाण्याच्या रेणूंच्या खुणा पकडल्या, त्या किती बारीक असतील आणि ती बातमी एवढी मोठी का झाली, हे या प्रयोगानंतर मुलांना आपोआप समजतं.

मातीचं पण तसंच. आपली कापसाची काळी जमीन याच बसाल्टवर पाऊस, ऊन आणि जीवजंतूंनी लाखो वर्षं काम केल्यावर झालेली, मुरमाचा तांबूस रंग लोखंड गंजल्याचा. चंद्रावर ना पाऊस ना हवा, तिथली माती सूक्ष्म उल्कांच्या माऱ्याने दगड कुटला जाऊन झालेली आहे, म्हणून तिचे कण काचेसारखे धारदार. तापीची वाळू मायक्रोस्कोपखाली ठेवा, कडा घासून बोथट झालेल्या दिसतील, शेजारी चंद्राच्या मातीचा फोटो ठेवा. चांद्रयान-२ च्या चाचण्यांसाठी इस्रोला अशी माती भरपूर लागणार होती तेव्हा ती तमिळनाडूतल्या नामक्कल जिल्ह्यात सित्तमपुंडी आणि कुन्नमलईच्या अॅनॉर्थोसाइट दगडापासून बनवली, कारण तो चंद्राच्या उंच भागातल्या दगडाच्या जवळ जातो. आणि चांद्रयान-३ जिथे उतरलं तिथल्या मातीचं प्रज्ञानने केलेलं मोजमाप २०२४ मध्ये प्रसिद्ध झालं, तीही मुख्यतः अॅनॉर्थोसाइटच्याच जातीची निघाली. म्हणून कॉलेजातून आणलेला अॅनॉर्थोसाइट पेटीबाहेर ठेवा आणि मुलांना खुशाल हातात घेऊ द्या.

लोणार जवळ आहे, बसाल्टमध्ये आघाताने झालेलं जवळपास १.८ किलोमीटरचं विवर, त्याचा फोटो आणि नकाशा लावा, पण तिथून दगड उचलून आणू नका, ते अभयारण्य आहे. आणि खान्देशची स्वतःची उल्का पण आहे, १८४३ मध्ये मानेगावला पडलेली, डायोजेनाइट प्रकारची, हा प्रकार वेस्टा या लघुग्रहाशी जोडला जातो. जिल्ह्याच्या नकाशावर तिथे एक ठिपका द्या, बघणारे लोक थांबतातच.

स्टॉलवर उभी राहणारी मुलं चार-पाच असू द्या आणि त्यांना पाठांतर करून उभं करू नका. लोक जे विचारतात त्याची तयारी करून घ्या. हा चंद्राचाच कशावरून, याला उत्तर क्रमांकाचं, डेटाबेसचं आणि पाणी नसलेल्या खनिजांचं. माणूस चंद्रावर गेलाच नाही, हे कोणीतरी आजोबा किंवा एखादा कॉलेजचा पोरगा म्हणणारच, त्यांच्याशी वाद नको, शांतपणे सांगायचं की अपोलोचे दगड जगभरच्या प्रयोगशाळांनी तपासलेत, सोव्हिएत लुना यानांनी माणसाशिवाय आणलेली जेमतेम ३०० ग्रॅम माती त्यांच्याशी जुळली, चीनने २०२० मध्ये १७३१ ग्रॅम आणि २०२४ मध्ये चंद्राच्या पलीकडच्या बाजूने १९३५ ग्रॅम आणली, आणि अपोलोच्या उतरण्याच्या जागांचे फोटो नंतरच्या यानांनी वरून काढलेत. लहान मुलं अहिराणीत विचारतील, हाऊ दगड चांदवरना शे का, तर त्यांना अहिराणीतच उत्तर द्या, पोस्टरवरची भाषा तोंडाने बोलायची गरज नाही.

तुकडा कोणाकडूनच मिळाला नाही तरी स्टॉल होतो. नासाच्या अॅस्ट्रोमटेरियल्स थ्रीडी या साइटवर अपोलोचे दगड सगळ्या बाजूंनी फिरवून बघता येतात, मोठ्या पडद्यावर ते दाखवा आणि खाली स्पष्ट लिहा की हे चित्र आहे. इस्रोची स्पेस ऑन व्हील्स बस किंवा विज्ञान केंद्राची फिरती प्रदर्शन बस तालुक्याला मागवता येईल का ते पण त्याच काळात विचारून ठेवा, सातपुड्यातल्या आश्रमशाळांना तर त्याचा जास्त उपयोग.

परत करताना ज्यांनी आणला त्यांनीच न्यायचा, त्याच काट्यावर वजन, तसेच फोटो, मालकाची पोच मूळ पावतीवरच. सोबत मुलांनी हाताने लिहिलेली पत्रं द्या, छापील आभारपत्रापेक्षा ती मालक जपून ठेवतो आणि पुढच्या शाळेला हो म्हणतो. ठरलेल्या तारखेच्या एक दिवस आधी पोचवा, कारण तुम्ही उशीर केला तर दरवाजा तुमच्या एकट्या शाळेचा बंद होत नाही, आख्ख्या जिल्ह्याचा होतो.

केंद्र सरकारने सप्टेंबर २०२४ मध्ये चांद्रयान-४ ला मंजुरी दिली, ते चंद्राची माती भारतात आणणार आहे. त्यातला चिमूटभर भाग अॅक्रिलिकच्या चकत्यांत बंद करून आपल्या शाळांनाही फिरता मिळावा, अशी मागणी शिक्षकांनी इस्रोकडे आत्तापासून लेखी करायला हवी, मुख्याध्यापक संघाच्या ठरावाने केली तर अजून चांगलं. यंदाच्या प्रदर्शनासाठी मात्र २३ ऑगस्टचा राष्ट्रीय अंतराळ दिन शाळेत झाला की त्याच आठवड्यात पहिलं पत्र टाका, दिवाळीच्या सुट्टीआधी होकार हातात पाहिजे, आणि पेटी नोव्हेंबरमध्येच बनवून एकदा साधा दगड ठेवून बघा की मागच्या रांगेतल्या बुटक्या पोराला पण तो दिसतोय का.